आप्पा, आरेना मेहिको आणि निवडुंगाची भाजी

मुपो_ह्यूस्टन

सासरे, म्हणजे आमचे आप्पा, जूनपासून आमच्याकडे आहेत. वय ७२, गाव वाळवा तालुक्यातलं. तरुणपणी सहा वर्षं तालमीत काढलेली. जत्रेच्या फडात रेवड्यांच्या कुस्तीपासून सुरुवात करून पाचशेच्या कुस्तीपर्यंत मजल गेलेली. पुढे माळ घातली, मटण सुटलं, आखाडा सुटला. मोडलेले कान तेवढे राहिले. असा माणूस अमेरिकेतल्या सबडिव्हिजनमध्ये तीन आठवड्यांत कसा होतो ते विचारू नका. सकाळी बैठका, मग अंगणात येरझाऱ्या, मग मला प्रश्न : "हितं माणसं ऱ्हात्यात का नुसत्या गाड्या?"

नवऱ्याला ऑफिसच्या कामाने मेक्सिको सिटीला जायचं होतं. शुक्रवार-शनिवार जोडून आम्ही सगळेच गेलो. (पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. आप्पांचा पर्यटक व्हिसा चालला.)

शुक्रवारी रात्री साडेआठला आरेना मेहिको ह्या कुस्तीच्या स्टेडियममध्ये लुचा लिब्रे, म्हणजे तिथली मास्क घालून खेळतात ती कुस्ती, असते. मी आप्पांना एवढंच सांगितलं, "कुस्त्या बघायला जायचंय." मास्कबद्दल अवाक्षर काढलं नाही. चूक माझीच.

आधी पोटोबा. नवरा थेट तिकडेच येणार होता, म्हणून आम्ही दोघं मेट्रोने बाल्देरासला उतरलो. तिकीट ५ पेसो. तिथल्या प्रत्येक स्टेशनाला नावाबरोबर एक चित्र असतं, बाल्देरासचं चित्र म्हणजे तोफ. आप्पांना स्पॅनिश नावं जमेनात, पण तोफ पक्की लक्षात राहिली. बाहेर आल्याबरोबर कोपऱ्यावर एक बाई कोमाल, म्हणजे भला मोठा तवा, मांडून बसलेली. निळ्या मक्याचं पीठ हातावर थापून त्यात शिजवून भरडलेल्या घेवड्याचं सारण भरायचं आणि दोन्ही टोकांना निमुळता असा लांबट गोळा चपटा करून तव्यावर टाकायचा. तेल नाही, तूप नाही. हा त्लाकोयो. वरून नोपालची भाजी, कांदा, कोथिंबीर, किसलेलं पांढरं चीज आणि हिरवी साल्सा.

आप्पांनी भाजी चमच्याने उचलून उजेडात धरली.

"पोरी, ह्यो फड्या निवडुंग हाय."

आहेच तो. काटे तासून, पट्ट्या कापून, शिजवलेला. भेंडीसारखी तार सुटते, चव किंचित आंबूस. आप्पांनी दोन त्लाकोयो खाल्ले आणि तिसरा मागवताना म्हणाले, "बांधावरचा उपटून उपटून आमची कंबार मोडली, आन् ही बाई इकून पैसं करती."

त्याहून मोठा धक्का शेजारच्या पातेल्यात होता. काळंभोर, ओलसर काहीतरी. वित्लाकोचे. मक्याच्या कणसावर बुरशी येऊन दाणे फुगतात, काळे पडतात, तेच. आप्पांनी वाकून पाहिलं. "ही काणी हाय." शेतकऱ्याच्या तोंडून हा शब्द ज्या सुरात येतो त्या सुरात. आपल्याकडे काणी पडली की कणसं जाळतात, इथे तिला साध्या भाजीपेक्षा जास्त भाव. मी खाल्ली. अळंबीसारखी, पण मातीचा वास जास्त. आप्पांनी नाही म्हणजे नाही खाल्ली.

पीठ मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा हुंगलं. "चुना हाय ह्यात." मला माहीत नव्हतं! बाईंना खाणाखुणा करून विचारलं तर त्यांनी मान डोलावली. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी धुऊन सालपटं काढायची, मग ओला दळायचा. शिव्या घालू नका, मी इतकी वर्षं टॉर्तिया, म्हणजे ह्याच पिठाची पोळी, खातेय आणि हे मला वाळव्याच्या माणसाने वासावरून सांगितलं.

आता कुस्ती.

आरेना मेहिको बाहेरून एखाद्या जुन्या गोदामासारखं दिसतं. १९५६ सालचं बांधकाम, आत सोळा हजारांवर माणसं मावतात. बाहेरच्या रस्त्यावर टपऱ्याच टपऱ्या आणि सगळीकडे टांगलेले मास्क. चंदेरी, निळे, सोनेरी, वाघाचे, वटवाघळाचे. आप्पांना वाटलं पोरांची खेळणी आहेत. आत गेलो, बसलो, दिवे मंद झाले, धूर सुटला, गाणं सुरू झालं आणि उतारावरून चमचमती चड्डी, झगा आणि मास्क असा पहिला पैलवान आला.

"त्वांड का झाकलंय? चोर हाय का?"

पाच मिनिटांत निकाल लागला : "ही नुरा कुस्ती हाय." म्हणजे आधीच ठरवून केलेली. पुढच्या दोन कुस्त्या हाताची घडी घालून, मान तिरकी करून पाहिल्या. मला वाटलं, गेली संध्याकाळ.

मग तिसऱ्या का चौथ्या लढतीत एक निळ्या मास्कचं पोरगं रिंगच्या दोराकडे धावत सुटलं आणि वरच्या आणि मधल्या दोराच्या फटीतून, डोकं पुढे, थेट बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर. मागे काँक्रीट. दोघं पहिल्या रांगेच्या खुर्च्यांपर्यंत घरंगळत गेले. ह्याला 'तोपे सुइसीदा' म्हणतात, म्हणजे आत्मघातकी धडक. आप्पा उठून उभे राहिले. बराच वेळ उभेच. मग बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पडायला शिकवलंय पोरास्नी. वस्ताद चांगला हाय."

त्यानंतर त्यांनी फक्त पडणं पाहिलं. कोण खांद्यावर पडतो, कोण हनुवटी छातीला लावतो, कोणाचा तळहात आधी टेकतो. जिंकतंय कोण ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. शेजारी त्यांच्याच वयाचे एक आजोबा होते, भोपळ्याच्या बिया सोलत बसलेले. त्यांची नजर आप्पांच्या कानांवर गेली. त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला आणि विचारलं, "लुचादोर?" म्हणजे पैलवान का? आप्पांना शब्द कळला नाही, खूण कळली. त्यांनी मान हलवली. आजोबांनी बियांची अख्खी पुडी त्यांच्या हातात ठेवली. तिथून पुढे दोघांचं जे काही चाललं होतं त्यात माझी गरज नव्हती.

शेवटची लढत तिघांविरुद्ध तिघांची होती. तिसऱ्या डावात सगळं आरेना उभं. संपल्यावर लोकांनी रिंगमध्ये नाणी आणि नोटा फेकायला सुरुवात केली. मला वाटलं राग आहे. तेवढ्यात आप्पांनी खिशात हात घातला. "इनाम! पोरी, हितं बी इनाम देत्यात!" आणि माझ्या अंदाजाने त्यांच्याकडची सगळ्यात मोठी पेसोची नोट चुरगळून भिरकावली. रिंगपर्यंत पोहोचली नाही. पुढच्या रांगेतल्या एका पोराने उचलून पुढे फेकली.

बाहेर पडलो तेव्हा अकरा वाजून गेलेले. आम्ही नवराबायको त्रोम्पोपाशी, म्हणजे उभ्या सळईवर रचलेल्या मांसापाशी, ताको आल पास्तोर खात उभे होतो. आप्पा रस्त्यापलीकडे एस्कितेच्या गाडीवर. एपासोते नावाच्या उग्र वासाच्या पाल्यात उकडलेले मक्याचे दाणे, लिंबू, तिखट, चीज. मेयोनेज नको, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. एका हातात पेला, काखेत नातवासाठी घेतलेला चंदेरी मास्क.

फोटो आहेत, पण आप्पांची परवानगी मिळाली की टाकते.

तुकडा_भाकरी

काय लिहिलंय! "ही काणी हाय" ला ऑफिसात फुटलो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शाकाहारी_वाघ

मस्त. पण महत्त्वाचं सांगा, तिथे शुद्ध शाकाहारी माणूस जगतो का? आम्ही डिसेंबरात चाललोय, सोबत आई-बाबा.

मुपो_ह्यूस्टन

जगतो, पण विचारून विचारून. मांसापेक्षा मोठी अडचण डुकराच्या चरबीची. तिला 'मान्तेका' म्हणतात. घोटलेल्या घेवड्यात ती अनेकदा असते, तामाले म्हणून वाफवलेला मक्याचा प्रकार असतो त्याच्या पिठात हमखास असते. "येवा मान्तेका?" म्हणजे "ह्यात चरबी आहे का?" हे एक वाक्य पाठ करून जा. आणि "सिन कार्ने" (मांस नको) म्हटलं तरी कोंबडी येऊ शकते, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या मनात गुरांचं किंवा डुकराचं. आप्पांसाठी मी त्लाकोयो, भोपळ्याच्या फुलांचे केसादिया (टॉर्तियात सारण भरून दुमडलेले), भाजलेला नोपाल, एस्किते, उकडलेलं रताळं आणि फळं ह्यांवर तीन दिवस काढले. ताकोवाल्याच्या तव्यावर चीज भाजून देतात, पण तवा तोच असतो, तेव्हा माळकऱ्यांनी लांब राहावं.

मेहिकोवासी

नमस्कार, मी इथे मेक्सिको सिटीत चार वर्षं नोकरीनिमित्त आहे. धागा वाचून राहवलं नाही.

केसादियाबद्दल एक इशारा. ह्या शहरात केसादियात चीज असेलच असं नाही! 'केसो' म्हणजे चीज, नावातच आहे, पण इथली बाई विचारते, "कोन केसो ओ सिन केसो?" चीजसह की चीजशिवाय? देशातल्या इतर भागांतली माणसं ह्यावरून राजधानीवाल्यांची यथेच्छ टिंगल करतात. आपल्याकडे मिसळीवरून होतं तसं.

आता लुचाबद्दल, कारण आप्पांचा पहिला प्रश्नच कळीचा आहे. तोंड का झाकलंय?

कुस्त्या भरवणारी सध्याची मोठी संस्था साल्वादोर लुतेरोत ह्यांनी १९३३ मध्ये सुरू केली. आज तिचं नाव सीएमएलएल. सलग चालू असलेली ही जगातली सगळ्यात जुनी व्यावसायिक कुस्ती-संस्था. पुढच्याच वर्षी एका अमेरिकन कुस्तीगिराने तोंड झाकून उतरायचं ठरवलं आणि आंतोनियो मार्तिनेस नावाच्या, बुटांचं काम करणाऱ्या कारागिराकडून चामड्याचा मास्क शिवून घेतला. बूट शिवणाऱ्याने शिवला म्हणूनच मागे नाड्या आल्या, आणि त्या आजही आहेत. रस्त्यावर जो शंभर-दोनशेला मिळतो तो प्रेक्षकांचा मास्क. खऱ्या पैलवानाचा अंगाबरोबर मापाने शिवतात.

मास्क सगळ्यात मोठी संपत्ती. नेहमीच्या कुस्तीत समोरच्याचा मास्क ओढून काढला तर डाव बाद. पण दोघांनी पैज लावली, 'मास्काविरुद्ध मास्क', तर हरणाऱ्याने रिंगमध्येच तो उतरवायचा आणि खरं नाव, गाव, किती वर्षं कुस्ती केली ते सगळ्यांसमोर सांगायचं. पुन्हा तो मास्क कधीच नाही. मास्क नसलेला माणूस केस पणाला लावतो, हरला की तिथेच खुर्ची मांडून चकोट.

एल सांतोचं नाव ऐकलं असेल. चंदेरी मास्क, आप्पांच्या काखेतला. इदाल्गो राज्यातल्या तुलान्सिंगोत १९१७ साली जन्मला. पन्नासाहून अधिक सिनेमांत काम केलं, चाळीसेक वर्षं चेहरा लपवला. १९८४ च्या जानेवारीअखेर टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात त्याने मास्क थोडासा वर केला. ५ फेब्रुवारीला तो गेला. दफन मास्कसकटच.

फड

लेखन चांगलं आहे, आप्पांना दंडवत. पण एक स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ह्याला कुस्ती म्हणू नका. कोल्हापुरात आमच्या तालमीत आजही पोरं पहाटे चारला उठून हजार-हजार जोर मारतात, खुराकाला पैसा नसतो, गुडघा गेला की करिअर संपतं. तिथे निकाल खरा असतो म्हणून त्या घामाला किंमत आहे. ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे शिवी म्हणून 'नुरा' म्हणतात. नुरा कुस्ती दिसली की फडावर दगड पडायचे. परदेशात जाऊन तिचंच कौतुक?

वडाच्या_पारावर

@फड, आमचे आजोबा वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगची फ्रीस्टाइल बघायला तिकीट काढून गेले होते. गिरणीत कामाला होते, चाळीतली अर्धी माणसं बरोबर. ती काय होती? आजोबांना कळत नव्हतं असं नाही. मरेपर्यंत वर्णन करायचे.

फड

दारासिंग मुळात खरा पैलवान होता, हे विसरू नका.

मेहिकोवासी

इथेही पायाभूत शिक्षण खऱ्या कुस्तीचंच असतं. बरीच पोरं ऑलिम्पिक पद्धतीच्या कुस्तीतून आलेली असतात. पण फडसाहेबांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो चूक नाही. निकाल ठरलेला असतो, सगळ्या आरेनाला ठाऊक असतं. फसवणूक तेव्हा होते जेव्हा खऱ्याचं तिकीट घेऊन खोटं दाखवतात. इथे तसं कुणी म्हणत नाही.

इथे दोन पक्ष असतात. 'तेक्निको' म्हणजे नियमाने लढणारे, 'रूदो' म्हणजे दांडगट, फसवे. कुणाच्या बाजूने ओरडायचं हे प्रेक्षक आधीच ठरवून येतात, आणि निम्मं आरेना अभिमानाने रूदोंचं असतं. माझ्या शेजारची बँकेतली मृदूभाषी बाई रूदो आहे. शुक्रवारी ती ज्या शिव्या देते त्यांचे अर्थ मी शोधायचं सोडून दिलंय.

दशावतारी

कोकणातला माणूस म्हणून दोन पैसे. आमच्या धयकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, राक्षस येतो तेव्हा सगळ्या गावाला माहीत असतं की तो मरणार आहे, आणि तो गावातलाच अमक्याचा पोरगा आहे. तरी पोरं घाबरून आईच्या पदरात शिरतात आणि म्हातारे "मार मार" म्हणतात. राक्षस करणाऱ्याला देवापेक्षा जास्त मान. रूदो हे वाचून पहिलं तेच आठवलं. त्यामुळे मला 'नुरा' शब्द इथे लागू होतोय असं वाटत नाही.

फड

नाटक म्हणा, मग माझी तक्रार नाही.

भटकभवानी

मी दोन वर्षांपूर्वी गेले होते, मंगळवारी. बायकांची लढत सगळ्यात जोरदार झाली होती. नंतर कळलं की राजधानीत बायकांच्या कुस्त्यांवर तीसेक वर्षं बंदी होती, १९८६ मध्ये उठली. तोवर बायका बाहेरच्या गावांत जाऊन लढायच्या. बंदीच्या काळात सराव करून ठेवणाऱ्या त्या बायकांबद्दल वाचायला आवडेल, कुणाला माहिती असेल तर लिहा.

आणि धागाकर्तीने एक सांगितलं नाही. ती भुकेची वेळ! कुस्ती संपून बाहेर पडल्यावर पास्तोरचा जो वास येतो ना. लाल तिखटाच्या मसाल्यात मुरवलेलं डुकराचं मांस, वर अननस खोचलेलं. तो माणूस एका हाताने मांस कापत असतो आणि सुरीच्या टोकाने अननसाचा तुकडा उडवून दुसऱ्या हातातल्या ताकोत झेलतो. मला तो पण लुचादोरच वाटला.

खवय्या_नंबर_दोन

अवांतर: हे पास्तोर प्रकरण मूळचं लेबनॉनचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडून बरेच लोक मेक्सिकोत आले. पुएब्ला शहरात त्यांनी शावर्मासारखं उभ्या सळईवर मांस भाजून ते पिटासारख्या पोळीत द्यायला सुरुवात केली. त्याला आजही 'ताकोस आराबेस', म्हणजे अरबी ताको, म्हणतात. पुढे मेंढीच्या जागी डुक्कर, पिटाच्या जागी मक्याची टॉर्तिया आणि मिरची-अचिओतेचा मसाला. पास्तोर म्हणजे मेंढपाळ. डुकराच्या ताकोला मेंढपाळाचं नाव!

चुनाखडी

चुन्याचं कुणी पुढे लिहिलंच नाही, म्हणून मी लिहिते (रसायनशास्त्र शिकवते, सवय). ह्या प्रक्रियेतून तयार झालेल्या मक्याला निक्स्तामाल म्हणतात. नुसत्या मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला नीट मिळत नाही, ते बांधलेलं असतं. चुन्याच्या पाण्यात उकळल्यावर मोकळं होतं. कॅल्शियम मिळतं ते वेगळं. शिवाय पिठाला चिकटपणा येतो, म्हणून टॉर्तिया तुटत नाही. आपली मक्याची भाकरी थापताना कडा फाटतात ना, त्याचं उत्तर हेच. मका युरोपात गेला, ही चुन्याची युक्ती मागे राहिली आणि फक्त मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा रोग, झाला, इटलीत, पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतही. आप्पांच्या नाकाला सलाम.

मुपो_ह्यूस्टन

@चुनाखडी, आप्पांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पान खाणाऱ्याला चुन्याचा वास येनार न्हाई व्हय?"

वऱ्हाडी_ठेचा

मका आणि मेक्सिको म्हटलं आणि पांडुरंग खानखोज्यांचं नाव कुणीच घेतलं नाही? वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. देशात परत येणं शक्य नव्हतं म्हणून फिरत फिरत मेक्सिकोत पोहोचले आणि १९२० च्या दशकात चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा मित्र. शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेराने 'आपली भाकर' असं एक भित्तिचित्र काढलंय, त्यात जेवणाच्या मेजावर भाकर वाटणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे. स्वातंत्र्यानंतर ते परतले, १९६७ मध्ये नागपूरला वारले. नागपुरात सुद्धा दहातल्या नऊ जणांना माहीत नाही, तेव्हा तुमचा दोष नाही.

मुपो_ह्यूस्टन

अरे देवा. त्या इमारतीवरून आम्ही शनिवारी चालत गेलो. आत गेलो नाही, कारण आप्पांना उसाचा रस दिसला.

मेहिकोवासी

परत या मग. जुन्या शहरातच, तिथून काही गल्ल्या पलीकडे, दुसरं आरेना आहे, आरेना कोलिसेओ. १९४३ सालचं, लहान, गोल, उतरत्या बाकांचं. लोक प्रेमाने 'पेरू ७७ चं नरसाळं' म्हणतात, कारण रस्त्याचं नाव रिपब्लिका दे पेरू आणि घर नंबर ७७. शनिवारी संध्याकाळी तिथे कुस्त्या असतात. सकाळी खानखोजे, दुपारी जेवण, संध्याकाळी नरसाळं.

फड

कोलिसेओ म्हणजे कोलोसियम ना? शाहू महाराजांनी रोमचं कोलोसियम पाहून आल्यावर खासबाग मैदान बांधलं, १९१२ मध्ये सुरू झालं. म्हणजे ही दोन्ही एकाच घराण्यातली. फोटो बघितला नरसाळ्याचा. बसायची पद्धत आवडली. शेवटच्या माणसालाही दिसत असणार.

तुकडा_भाकरी

फडसाहेब तिकीट काढायला लागले.

फड

नाटक बघायला.

रात्रपाळी

पिण्याबद्दल कुणी बोलेल का. माळकरी सोडून इतरही लोक वाचतायत.

मेहिकोवासी

आत बिअर मिळते. बाटली देत नाहीत, मोठ्या प्लास्टिकच्या पेल्यात ओतून देतात. पण कुस्तीआधीचं खरं पेय पुल्के. 'मागेय' नावाच्या अगडबंब घायपाताचा गाभा कोरला की त्यात गोड रस जमतो, आग्वामिएल. तो ताजा प्यायला तर आपली नीरा, आंबला की ताडी. पुल्के म्हणजे ह्या ताडीचीच बहीण. पांढरं, किंचित बुळबुळीत, आंबट, बिअरइतपत चढणारं. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतंच, म्हणून पेरू, ओट, सेलरी वगैरे घालून 'कुरादो' करतात. पेरूचा घ्या. सान हुआन बाजाराजवळ लास दुएलिस्तास नावाचा जुना गुत्ता आहे, तिथून आरेनापर्यंत चालत जाता येतं. मात्र पुल्केचे गुत्ते लवकर मिटतात, तेव्हा हे काम उजेडातच उरका.

आणि भूक दांडगी असेल तर सेंत्रोत लुइस मोया रस्त्यावर सूपर आस्त्रो ह्या लुचादोरने काढलेलं तोर्ताचं दुकान, नावच 'एल कुआद्रिलातेरो', म्हणजे कुस्तीचं रिंग. भिंतींवर मास्क. ग्लादियादोर नावाची तोर्ता सव्वा किलोच्या वर भरते, अंडी, सॉसेज, मांसाचे तीन-चार प्रकार, सगळं एका पावात. पंधरा मिनिटांत एकट्याने संपवली तर पैसे नाहीत. मी सात मिनिटांत हरलो.

शाकाहारी_वाघ

आई-बाबांना घेऊन रात्री तो भाग ठीक आहे का? आरेना आहे त्या दोक्तोरेस वस्तीबद्दल काहीबाही वाचलं.

मेहिकोवासी

आरेनासमोर गर्दी असते तोवर काही नाही. मागच्या गल्ल्यांत रात्री फिरू नका. निघताना ॲपवरून गाडी बोलवा आणि दारासमोरच बसा. तिकीट खिडकीवर घ्या, बाहेर ब्लॅकवाले मागे लागतात. मोठा कॅमेरा नेऊ नका, मोबाइल चालतो. शहर २२४० मीटर उंचीवर आहे, पहिल्या दिवशी जिना चढताना आई-बाबांना धाप लागेल, शुक्रवारी पोहोचून त्याच रात्री कुस्ती असं करू नका.

भटकभवानी

आप्पांचे फोटो?

मुपो_ह्यूस्टन

परवानगी मिळाली, पण अटीवर. आधी त्यांचं म्हणणं छापायचं. त्यांनी सांगितलं तसं टाइप करतेय :

"सूनबाईनं लिवलंय ते बराबर हाय पर मी नोट भिरकावली ती मोठी नव्हती. ते निळं पोरगं चांगलं हाय, उजव्या गुडघ्यावर जादा भार टाकतंय, त्याच्या वस्तादाला कुनीतरी सांगा. फडवाल्या पैलवानास्नी रामराम. तुमचं म्हननं खरं हाय. मी बी पयलं तसंच म्हनलो. कान दावा, मग बोलू."

मास्क नातवाला दिलेला नाही. देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर आहे.

फड

आप्पा, रामराम. डावा मोडलाय, उजवा शाबूत.

चुनाखडी

ह्यूस्टनमध्ये ओलं दळलेलं पीठ कुठे मिळतं? पाकिटातल्या कोरड्या पिठाची भाकरी माझी अजून फाटतेय.

मुपो_ह्यूस्टन

मेक्सिकन बाजारात टॉर्तिया करणारं दुकान असतं, तिथे मागच्या काउंटरला 'मासा' (म्हणजे ओलं पीठ) म्हणून मागा. किलोवर देतात. सकाळी जा, दुपारपर्यंत आंबायला लागतं. आणि 'प्रेपारादा' नको म्हणा, त्यात मान्तेका असते.